नव्वद दिवसांचा पाहुणा

ऑनसाइटहून परतलेला माणूस ओळखायला अगदी सोपा. पहिले सहा महिने तो रात्री अकरालाही लाल सिग्नलला थांबतो आणि मागच्याच्या शिव्या खातो. दर तिसऱ्या वाक्यात ‘आमच्या न्यू जर्सीत’ नाहीतर ‘आमच्या स्टुटगार्टला’ येतंच. मग काही वर्षांनी तो परत तिकीट काढतो. या वेळी कंपनीच्या नाही, स्वतःच्या पैशानं. राहिलेला देश नुसता ‘बघायला’.

मीही काढलं, मे २०२४ मध्ये. २०१२ ते २०१४ स्टुटगार्टला होतो, त्यानंतर थेट दहा वर्षांनी.

पहिला धक्का व्हिसाचा. पूर्वी माझ्याकडे रेसिडेन्स परमिट होतं. आता शेंगेनचा टुरिस्ट व्हिसा. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. हॉटेलचं बुकिंग दाखवा, परतीचं तिकीट दाखवा, बँक स्टेटमेंट दाखवा. ज्या शहरातला ट्रामचा एकेक थांबा पाठ आहे, तिथून आपण वेळेत परत येऊ याची खात्री पटवायची!

दुसरा धक्का दारातला. जर्मनीत राहायला गेलात की नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, आणि देश सोडताना ती नोंद रद्दही करावी लागते. माझी रीतसर रद्द झाली होती. तिथं बहुतेक बिल्डिंगांत बेलशेजारी फ्लॅटचा नंबर नसतो, आडनाव असतं. जुन्या बिल्डिंगखाली जाऊन पाहिलं, तर माझ्या जागी भलतंच आडनाव. बेल दाबायला काही कारणच उरलं नव्हतं.

बाकी बरंचसं तसंच. रविवारी दुकानं तेव्हाही बंद, आताही बंद. प्लॅस्टिकची बाटली परत केली की २५ सेंट हातात. मेन स्टेशनचं काम २०१० मध्ये सुरू झालं, २०१९ ला संपणार होतं. मी गेलो तेव्हाही चालूच होतं. (पुणेकरांनो, आलं ना बरं वाटायला?) नवीन काय, तर २०२३ मध्ये सुरू झालेला ४९ युरोंचा महिन्याचा पास. त्यावर देशभरातल्या लोकल गाड्या, बस, ट्राम सगळं चालायचं. आमच्या वेळी का नव्हता हो?

हे सगळं फोनवर आप्पांना ऐकवत होतो. ते असतात करमाळ्याकडे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आल्यावर हिकडं ये. आपलं बी गाव उघडं पडलंय.”

आमचं जुनं गाव करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठाला. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. गाव त्याच्या आधीच उठलं. धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. धरण ‘मायनसमध्ये’ जातं म्हणजे या मृतसाठ्यातलं पाणी कमी व्हायला लागतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं आणि बुडालेलं एकेक वर आलं. पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ, अलीकडे आमच्या बाजूला कुगावचा इनामदार वाडा. पुण्याहून बाइकवर पोरं आली, ड्रोन उडाले, रील्स झाले.

आप्पांना त्यातलं काहीच बघायचं नव्हतं. भेगाळलेल्या गाळातून ते सरळ चालत गेले आणि दगडांच्या एका ओळीपाशी थांबले. “हितं उंबरा. हितं चूल. ह्या बोळातनं शाळंला जायचो.” मग त्यांनी चपला काढल्या आणि त्या ओळीच्या आत गेले. भिंत नाही, छप्पर नाही, पण चपला बाहेर.

मी स्टुटगार्ट सोडलं ते माझ्या मर्जीनं, सेंड-ऑफ पार्टी घेऊन. पैसे साठले, रजा मिळाली, फॉर्म भरला की पुन्हा जाता येतं. आप्पांच्या गावाला फॉर्म नाही. ते दिसतं ते फक्त वाईट वर्षात. जिल्ह्यात टँकर फिरायला लागले, नदीकाठच्या मोटारी उघड्या पडल्या, की समजायचं, आता जाता येईल. त्यामुळे तिथून निघताना ‘परत येऊ’ असं कुणीच म्हणत नाही. म्हणायचं तरी कसं?

तुमचंही कुठे एखादं न्यू जर्सी, एखादं सिंगापूर असेल तर जाऊन या. सोबत बायकोला, पोरांना न्या. बेलवर दुसऱ्याचं नाव दिसेल, बेकरीवाली ओळखणार नाही, दुपारपर्यंत जरा उदास वाटेल. चालायचंच. दार तरी जागेवर असतं.

ऑगस्टमध्ये उजनी भरलं. बातमी आप्पांनीच फोन करून दिली, चांगले खुशीत होते. आमची केळी त्याच पाण्यावर आहेत.