दारावरचा झेंडा



निवडणूक जाहीर झाली की गढ्याच्या गल्लीबोळांत पताका लागतात. ओळखीचा कार्यकर्ता दारात येतो, "काका, एक झेंडा लावू ना?" म्हणतो. शेजारधर्म म्हणून आपण मान डोलावतो. रेल्वे-टपाल कामगाराला हे मान डोलावणे महागात पडू शकते.

झेंड्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. ज्या उमेदवाराकडे पानभर जाहिरातीचा पैसा नाही, त्याला साध्या घरांवरचे झेंडेच बळ देतात. परंतु पैसेवाल्याचे झेंडे नेहमीच जास्त दिसतात. त्यावरून जनमत कळत नाही, शेजाऱ्यांत तेढ मात्र वाढते. न विचारता भिंती रंगवण्याचा उपद्रव इतका झाला की मध्य प्रदेशाने १९९४ मध्ये संपत्ती विरूपणाविरुद्ध कायदा केला. मालकाच्या लेखी परवानगीवाचून भिंत रंगवणाऱ्यास त्यात हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

आपली अडचण याहून मोठी आहे. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ आणि रेल्वे सेवा वर्तणूक नियम, १९६६ या दोन्हींतील पाचवा नियम स्पष्ट सांगतो: कर्मचाऱ्याने अंगावर, वाहनावर किंवा राहत्या घरावर निवडणूक चिन्ह लावणे म्हणजे निवडणुकीत वजन वापरणे होय. मत देण्याचा हक्क आहे, पण ते कोणाला देणार किंवा दिले, हे सुचवायचेही नाही.

या नियमामागे कारण आहे. पोस्टमन प्रत्येक दारी पत्र देतो. आपल्यापैकी अनेकांना मतदान केंद्रावर कामही करावे लागते. तिथे सर्वांचा विश्वास हवा.

म्हणून कार्यकर्त्याला नम्रपणे नाही म्हणा. घरच्यांना, घरमालकालाही कल्पना द्या. न विचारता कोणी चिन्ह लावले तर लगेच काढा. नोटीस आलीच तर उत्तर देण्यापूर्वी ती शाखेत घेऊन या.

प्रशासनालाही आमचे सांगणे आहे. नियम अधिकाऱ्याच्या बंगल्याला आणि खलाशाच्या क्वार्टरला सारखाच लागला पाहिजे. झेंड्याचा रंग पाहून एकाला सूट आणि दुसऱ्याला आरोपपत्र, हे संघटना चालू देणार नाही. नियम बदलावा की नाही, हा वाद संघटनेच्या सभेत उघडपणे घालू. त्यासाठी एकट्या कामगाराने आपली भाकरी पणाला लावू नये.

दार कोरे ठेवा, मत मात्र चुकवू नका.