परिषद कोणाची, व्यासपीठ कोणाचे?

शाळेत कोणते यंत्र यावे, कोणती प्रणाली चालावी आणि मुलांची माहिती कोणाच्या हाती जावी, हे प्रश्न जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत चर्चिले जावेत अशी आपली भाबडी समजूत आहे. वस्तुतः समितीच्या टेबलावर कागद येण्यापूर्वीच त्यांचा निकाल लागलेला असतो, आणि तो पुष्कळदा शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या परिषदेत लागतो. अशा परिषदांचे रूप आता ठरून गेले आहे. मोठ्या हॉटेलातील सभागृह, मागच्या फलकावर शासनाच्या बोधचिन्हाला खेटून कंपन्यांची बोधचिन्हे, देणगीच्या आकड्यानुसार पाडलेल्या 'प्लॅटिनम', 'सुवर्ण', 'रौप्य' अशा प्रायोजकांच्या जाती. सकाळी शासनाचा सचिव उद्घाटन करतो. दुपारी प्रायोजक कंपनीचा अधिकारी 'तज्ज्ञ' म्हणून बोलतो. सायंकाळी पुरस्कार वाटले जातात आणि सामंजस्य करारावर सह्या होतात. ज्या शिक्षकाला ते यंत्र वर्गात चालवायचे आहे आणि ज्या पालकाच्या मुलावर त्याचा प्रयोग व्हायचा आहे, ते दोघेही या मंडपात नसतात.

आमचा आक्षेप यंत्राला नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. समाजवादी विचार यंत्राचा शत्रू कधीच नव्हता. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या निर्णयाने चालणारे, एवढेच तो विचारत आला. सार्वजनिक शिक्षणाविषयी जेथे विचारविनिमय होतो ते व्यासपीठ विक्रेत्याच्या पैशावर उभे असेल आणि त्या पैशाचा हिशेब जनतेपुढे येत नसेल, तर त्याला परिषद म्हणू नये, बाजार म्हणावे. बाजार भरवण्यास आमची हरकत नाही. त्यावर राजमुद्रा उमटवण्यास आहे.

आम्ही अशक्य काही मागतो आहोत काय? बुटीबोरीच्या चौकात नागपूरहून येणारा रस्ता फुटतो. एक हैदराबादकडे जातो, दुसरा वर्धेला. त्याच वर्ध्यात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी एक शिक्षण परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महात्मा गांधी होते, समोर काँग्रेसशासित प्रांतांचे शिक्षणमंत्री बसले होते, आणि पुढे 'नई तालीम' म्हणून ओळखली गेलेली योजना चर्चेला होती. त्या काळी देशात गांधींहून मोठे वजन कोणाचे होते? तरीही डॉ. झाकीर हुसेन यांनी भर परिषदेत इशारा दिला की, शाळेच्या स्वावलंबनावर नको तितका भर दिला, तर शिक्षक मुलांच्या श्रमाचा मुकादम होऊन बसेल. अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी विद्यार्थ्यांनी केलेल्या मालाची कारागिरांच्या मालाशी स्पर्धा होईल, हा आक्षेप मांडला. या टीकाकारांचे पुढे काय झाले? योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद झाकीर हुसेन यांच्याकडेच आले आणि शहा तिचे सभासद झाले. समितीचा अहवाल त्याच वर्षीच्या डिसेंबरात तयार झाला. परिषदेचे कामकाजही पुढे छापून प्रसिद्ध झाले, म्हणून तर कोण काय बोलले हे आज सांगता येते.

यावर एखादा चतुर वाचक म्हणेल की, त्या परिषदेमागेही धनिक होतेच. होते. निमंत्रण मारवाडी शिक्षण मंडळाचे होते आणि जमनालाल बजाज यांचा आश्रय लपलेला नव्हता. परंतु यजमान कोण हे सर्वांना ठाऊक होते, आणि यजमानाला शाळांना टकळ्या विकायच्या नव्हत्या. उघड आश्रय आणि दडवलेला हितसंबंध यांत हा भेद आहे. पैसा आला म्हणून परिषद भ्रष्ट होत नाही. पैसा कोठून आला आणि त्याच्या बदल्यात काय दिले, हे झाकले की ती भ्रष्ट होते.

या झाकपाकीचे अर्थशास्त्र साधे आहे. शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या बाजारात माल निवडतो अधिकारी, पैसे देतो करदाता आणि वापरतो विद्यार्थी. निवडणाऱ्याला वापरावे लागत नाही आणि वापरणाऱ्याला निवडता येत नाही. शिवाय मालाचा कस विक्रेत्यालाच ठाऊक असतो. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, जेथे माहिती एकाच बाजूला साठलेली असते तेथे निकृष्ट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो. त्यावर उतारा एकच, तो म्हणजे स्वतंत्र आणि खुली माहिती. परिषद हे अशा माहितीचे ठिकाण असायला हवे होते. विक्रेत्याने नेमके तेच विकत घेतले.

युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने दिलेले आकडे पाहावेत. ब्रिटनमधील शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या कंपन्यांपैकी अवघ्या ७ टक्के कंपन्यांनी आपल्या मालाची शास्त्रशुद्ध नियंत्रित चाचणी घेतली होती. अमेरिकेच्या १७ राज्यांतील पाहणीत माल स्वीकारण्यापूर्वी तज्ज्ञांनी तपासलेला पुरावा मागणारे शिक्षक व प्रशासक अवघे ११ टक्के निघाले. विक्रेता पुरावा देत नाही आणि ग्राहक मागत नाही. मग निर्णय कशावर होतो? व्यासपीठावरील भाषणावर.

भाषणाची किंमत किती पडते, तेही जगाने पाहिले आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये ट्यूनिस येथील माहिती समाजाच्या जागतिक परिषदेत निकोलस निग्रोपाँटे यांनी गरीब देशांतील मुलांसाठी शंभर डॉलरचा संगणक सादर केला. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी तो चालवण्याचा दांडा फिरवताच दांडा हातात आला. तरीही टाळ्या थांबल्या नाहीत. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये त्या योजनेला नकार दिला, हे त्याचे शहाणपणच म्हटले पाहिजे. आपल्याकडे रायगड जिल्ह्यातील खैरात येथील छोट्या शाळेत २००७ साली एक लहानसा प्रयोग तेवढा झाला. पेरूने मात्र आठ लाखांहून अधिक संगणक घेतले. २०१२ साली ३१९ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा गणित आणि भाषा यांत काहीही प्रगती आढळली नाही. ट्यूनिसच्या व्यासपीठावर पेरूच्या खेड्यातील एखादा शिक्षक शंका विचारायला उभा राहिला असता, तर त्या गरीब देशाचा केवढा पैसा वाचला असता!

आपल्या घरचे उदाहरण याहून ताजे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये नीती आयोगाने देशातील ११२ आकांक्षित जिल्ह्यांसाठी बायजूज या कंपनीशी हातमिळवणी केली. आपल्या विदर्भातील गडचिरोली त्या यादीत आहे. क्रिकेट संघाच्या सदऱ्यावर जिचे नाव झळकले आणि २०२२ मध्ये जिचे मोल २२ अब्ज डॉलर सांगितले गेले, तीच ही कंपनी. क्रिकेट मंडळाच्या सुमारे १५८ कोटी रुपयांच्या थकबाकीवरून जुलै २०२४ मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. या पतनाची चिन्हे कोणालाच दिसली नव्हती, असे नाही. तिने विकत घेतलेल्या व्हाइटहॅट ज्युनियर या कंपनीवर टीका करणाऱ्या दोघांवर नोव्हेंबर २०२० मध्ये २० कोटी आणि १४ कोटी रुपयांचे बदनामीचे दावे दाखल झाले होते. २०२१ मध्ये ते मागे घेण्यात आले. टीकाकाराला न्यायालयात खेचले जाते अशा वातावरणात प्रायोजकांच्या मंडपात प्रश्न विचारण्याची छाती कोणता शाळामास्तर करील?

मुलांच्या माहितीचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ साली ४९ देशांतील १६० हून अधिक शैक्षणिक साधने तपासली. त्यांपैकी सुमारे ८९ टक्के साधनांत मुलांच्या हक्कांना बाधा आणणारे किंवा तसा धोका निर्माण करणारे व्यवहार आढळले. यांतील बहुतेक साधनांची शिफारस सरकारांनीच केली होती.

आपल्या राज्यकर्त्यांचे धोरण काय आहे? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने राष्ट्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान मंचाची कल्पना मांडली आणि त्या मंचाने प्रादेशिक व राष्ट्रीय परिषदा भरवाव्यात असे लिहिले. म्हणजे परिषद हा आता धोरणाचाच अवयव झाला. तेथे मते कोणाची घ्यायची? संशोधकांची, उद्योजकांची आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांची. उद्योजकाला नावानिशी आमंत्रण आहे; पालकाचा आणि विद्यार्थ्याचा त्या वाक्यात उल्लेखही नाही. इकडे महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये शाळा दत्तक देण्याची योजना काढली. ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांना ५० लाख आणि दहा वर्षांना १ कोटी रुपयांचे साहाय्य दिले, की दात्याचे नाव शाळेच्या नावाला जोडण्याची सोय झाली. प्रायोजकाचा फलक सभागृहातून निघाला आणि शाळेच्या दारावर लागला!

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्या माणसाला येथे एक तुलना सुचल्यावाचून राहत नाही. मोठ्या कारखान्याला पर्यावरणाची मंजुरी देण्यापूर्वी २००६ च्या अधिसूचनेने जनसुनावणी घालून दिली आहे. तीत पळवाटा आहेत, औद्योगिक वसाहतींना सूटही आहे. तरी ज्याच्या नाकात धूर जाणार त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे तत्त्व कायद्याने मानले आहे. मग वसाहतीतील कंत्राटी कामगाराच्या मुलाच्या डोक्यात काय भरले जाणार आणि त्याच्याविषयीची कोणती माहिती काढून घेतली जाणार, यासाठी सुनावणी का नको? धुराला जे लागू, ते मुलाच्या मनाला लागू का नसावे?

प्रायोजकांवाचून परिषदा चालणार नाहीत, ही पळपुटी सबब आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेली केरळ शास्त्र साहित्य परिषद पुस्तके विकून आपला खर्च भागवत आली. त्याच केरळात शिक्षक संघटना आणि मुक्त संगणकप्रणालीचे कार्यकर्ते यांच्या रेट्यामुळे शासनाने शालेय संगणक शिक्षण मक्तेदार कंपन्यांच्या प्रणालीवरून मुक्त प्रणालीवर आणले. तेथील शिक्षक ती प्रणाली स्वतः शिकले आणि एकमेकांना शिकवू लागले. हे साधले, कारण प्रश्न उघड्यावर आला आणि शिक्षक संघटितपणे बोलला.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. ज्या परिषदेला शासनाचे बोधचिन्ह, अधिकारी किंवा निधी लाभतो, तिच्या प्रत्येक प्रायोजकाचे नाव, त्याने दिलेली रक्कम आणि त्याला मिळालेला मोबदला आधी जाहीर झाला पाहिजे. पैसे देऊन मिळवलेले भाषण जाहिरात म्हणूनच छापले गेले पाहिजे आणि प्रत्येक वक्त्याने आपला हितसंबंध सांगितला पाहिजे. निबंध व कामकाज मराठीत आणि विनामूल्य उपलब्ध झाले पाहिजे, फसलेल्या प्रयोगांसह. शासकीय शाळांतील शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांच्या पालकांना सरकारी खर्चाने तेथे बोलण्याचा हक्क मिळाला पाहिजे. आणि परिषदेच्या व्यासपीठावर एकही करार होता कामा नये. कराराचा मसुदा शिक्षण समितीपुढे यावा, लोकांना तो वाचायला मिळावा आणि मगच त्यावर सही व्हावी.

या मागण्या कोणी ताटात वाढून देणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे, २००५ च्या कायद्याने माहितीचा अधिकार दिला आहे. आपल्या तालुक्यात कोणती प्रणाली कोणत्या करारान्वये आली, अधिकारी कोणाच्या खर्चाने कोणत्या परिषदेला गेले, मुलांची माहिती कोठे साठवली जाते, हे तीन प्रश्न प्रत्येक शाखेने लेखी विचारावेत. आलेली उत्तरे, आणि उत्तर नाकारले तर तो नकारही, गावच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. वर्ध्याच्या परिषदेत ज्यांना प्रश्न विचारले गेले, त्यांनी प्रश्नकर्त्याला समितीत घेतले होते. आजच्या परिषदेत प्रश्नकर्त्याला दारच उघडत नाही. ते दार उघडायला लावणे हे शिक्षणाइतकेच लोकशाहीचे काम आहे, आणि ते आपल्यालाच करायचे आहे.