काम उक्ते, जबाबदारी आपली



हळदीची काढणी उरकली की वसमत-कळमनुरीकडे चुली पेटतात. कढई असो की वाफेचा कुकर, हळद शिजवायला जळण लागतेच, आणि जळणासाठी आपली नजर धुऱ्यावरच्या बाभळी-लिंबांकडे जाते. पुढे चैत्र-वैशाखात शेळ्यांना पाला हवा असतो. मृगाआधी पिकावर पडणारी सावली कमी करायची असते, घरावर झुकलेली फांदी उतरवायची असते. म्हणजे फाल्गुनापासून मृगापर्यंतचे तीन महिने आपल्या हिंगोली जिल्ह्यात कुऱ्हाड, कोयता आणि आता मशीनही झाडावर चालू असते.

बियाणे, खत, फवारणी यांवर मी नेहमी लिहितो. फवारताना तोंडाला फडके बांधा, हातमोजे घाला, हे कितीदा लिहिले त्याची मोजदाद नाही. पण झाड तोडण्यावर आजवर एक ओळही लिहिली नाही. ते मला शेतीकामच वाटले नाही. तोडणाऱ्याचा तो धंदा आहे, त्याला त्यातले कळते, आपण मध्ये कशाला बोलायचे, असा माझा समज होता. हा समज माझ्याच धुऱ्यावर महागात पडला. मला नव्हे, दुसऱ्याला.

धुऱ्यावरचा लिंब

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या शेताच्या धुऱ्यावर एक जुना लिंब आहे. त्याच्या दोन खांद्या हळदीवर आल्या होत्या. गावातल्या एका मामांना काम उक्ते दिले. पाचशे रुपये आणि वरचे बारीक जळण त्यांचे. मामा साठीच्या आतले, हाडाने काटक, उभा जन्म झाडावर गेलेला. स्वतःची जमीन नाही. कुऱ्हाड कमरेला खोवून ते अनवाणी वर चढले. दोर नव्हता. खाली दुसरा माणूस नव्हता. मी धुऱ्यावर उभा राहून फोनवर एका शेतकऱ्याला फवारणीची खबरदारी समजावून सांगत होतो.

तोडायच्या खांदीच्या खालच्या फांदीवर मामा उभे होते. ती वरून हिरवीगार होती, पण बेचक्यात पाणी मुरून आतून पोकळ झाली होती. चौथ्या-पाचव्या घावाला ती बुडातून निखळली. मामा पंधरा फुटांवरून खाली आले. आम्ही चौघांनी घाबरून त्यांना हातापायांना धरून उचलले आणि टेम्पोत घातले. तेही चुकीचेच केले, हे मागाहून डॉक्टरांकडून कळले. मांडीचे हाड मोडले होते. पाठीचा कणा वाचला तो देवाची कृपा म्हणून.

दवाखान्याचा खर्च मी केला. पण वर्षभर मामांना काम झाले नाही. मामी कापूस वेचायला, निंदायला जाऊन घर चालवत होत्या. आजही मामा लंगडत चालतात आणि चार शेळ्या राखतात. भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, नशिबाचा भोग. तुम्ही काय करता त्याला?"

बंधूंनो, तो नशिबाचा भोग नव्हता. त्या फांदीवर कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने एक ठोका मारला असता तर पोकळ आवाज आला असता. शंभर-दीडशे रुपयांचा दोर कमरेला असता तर मामा झाडालाच लटकून राहिले असते. काम उक्ते दिले म्हणजे जबाबदारीही उक्ती दिली, असे मी धरून चाललो होतो. तिथेच चुकलो. म्हणून आज तोडणाऱ्याइतकेच, तोडायला लावणाऱ्यासाठी लिहीत आहे.

झाडाला हात लावूच नका, असेही मी म्हणत नाही. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या पारस येथे वादळी पावसात लिंबाचे मोठे झाड मंदिराच्या आवारातील पत्र्याच्या शेडवर कोसळले आणि खाली असलेली सात माणसे दगावली. दोष कोणाचा हे सांगण्यासाठी हे लिहीत नाही. जुन्या झाडाखाली माणसे बसत असतील, तर त्याची पाहणी मृगाआधी झाली पाहिजे, एवढेच सांगायचे आहे. काम करायचेच आहे, ते रीतीने करावे.

चढण्याआधी

पहिले काम डोळ्यांचे. झाडाला एक फेरी मारा. वर वाळलेली फांदी अडकलेली आहे काय, बुंध्याला ढोली किंवा वाळवी आहे काय, खोडावर अळंबी उगवली आहे काय, ते पाहा. आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी काम बंद. शेवगा, पांगारा, जांभूळ यांची फांदी ठिसूळ असते, कडकन मोडते. तिच्यावर भार टाकू नका. वाळलेल्या फांदीवर कधीच पाय देऊ नका.

दुसरे, वेळ. काम सकाळी करावे. उन्हाळ्यात दुपारनंतर आपल्याकडे वावटळ उठते, अवकाळी येतो. वारा सुटला, आभाळ गडगडले की माणूस खाली उतरलाच पाहिजे. पाऊस पडून खोड ओले झाले असेल तर त्या दिवशी चढू नये.

तिसरे, जागा. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत खाली कोणी नको. चिंचा वेचायला पोरे धावतात, शेळ्यांसाठी बाया पाला ओढायला जातात. त्यांना सांगा, वरून हाक येईपर्यंत पुढे यायचे नाही. आणि एकट्याने हे काम कधीच करायचे नाही. एक माणूस दूर उभा राहून फक्त लक्ष ठेवणारा हवा.

चौथे, दोर. कुजका, गाठी मारलेला, उन्हाने कडक झालेला दोर नको. कमरेला सुरक्षा पट्टा मिळाला तर उत्तम, नाही तर जाड, नवा दोर तरी हवाच. दोर मांडीएवढ्या जाड, जिवंत खांदीला, आपल्या डोक्याच्या वर बांधावा. तो सैल सोडू नये, म्हणजे पाय निसटला तरी हातभरापेक्षा जास्त खाली जाणार नाही. कुऱ्हाड-कोयता कमरेला खोवून चढू नये. आधी माणूस वर जाऊन दोर बांधील, मग हत्यार दुसऱ्या दोराने वर ओढून घेईल. कुऱ्हाडीचा दांडा ढिला असेल तर पाचर ठोकून घट्ट करा.

फांदी कशी उतरवावी

मोठी फांदी एकदम वरून तोडत गेले की ती अर्ध्यावर मोडते, खोडाची साल सोलत खाली येते आणि तिचे बूड उसळून तोडणाऱ्याच्या छातीवर बसते. म्हणून तीन कापांची रीत ध्यानात ठेवा. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूने, चौथाई जाडीपर्यंत. दुसरा काप त्याच्या थोडा पुढे, वरच्या बाजूने. फांदी साल न सोलता खाली पडते. मग उरलेले खुंट खोडाजवळच्या फुगवट्याला धक्का न लावता तिसऱ्या कापात काढा. फांदी जड असेल तर तोडण्याआधी तिला दोर बांधून दुसऱ्या खांदीवरून हळूहळू खाली सोडा.

त्याहून चांगली रीत म्हणजे झाड लहान असतानाच त्याला वळण लावणे. अंगठ्याएवढी फांदी जमिनीवर उभे राहून कोयत्याने निघते. तीच दहा वर्षे ठेवली तर माणूस वर चढवावा लागतो. शेळ्यांच्या पाल्यासाठी बायकापोरांनी झाडावर चढू नये. लांब काठीला विळा बांधून आकडी करा आणि खालून ओढा. मात्र जवळ विजेची तार असेल तर आकडी उचलू नका.

झाड पाडताना

झाड समूळ पाडायचे असेल तर आधी परवानगीचे बघा. आंबा, चिंच, मोह, साग, जांभूळ ही झाडे स्वतःच्या शेतात असली तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी घ्यावी लागते. वनरक्षकाला विचारूनच पुढे जा.

झाड कोणीकडे कलले आहे, जड फांद्या कोणत्या बाजूला आहेत, ते पाहून पडायची दिशा ठरवा. त्या बाजूने बुंध्याला चौथाई जाडीची खाच घ्या. मग उलट बाजूने, खाचेपेक्षा दोन-तीन बोटे वरून काप घ्या. पण आरपार जाऊ नका. वीस इंची बुंधा असेल तर मध्ये दोन इंच लाकूड शाबूत ठेवा. ते दाराच्या बिजागरीसारखे काम करते आणि झाडाला ठरल्या बाजूला नेते. ते कापले की झाड कुठेही जाते. पळायची वाट आधीच साफ करा. ती सरळ मागे नको, मागे तिरकी हवी, कारण पडताना बुंधा सरळ मागे उसळतो.

ट्रॅक्टरने ओढायचे असेल तर दोर झाडाच्या उंचीच्या दुप्पट हवा आणि तो ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच बांधावा. वर बांधला तर ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलते आणि चालकावर उलटते. पाडलेले झाड दुसऱ्या झाडात अडकले तर त्याच्याखाली जाऊ नका, त्यावर चढू नका. लांबून ओढून काढा.

आता गावोगाव पेट्रोलची मशीन आली आहे. काम झटपट होते, पण चूकही झटपट होते. पात्याचे टोक लाकडात अडले की मशीन उसळून तोंडाकडे येते. म्हणून टोकाने कापू नका, दोन्ही हातांनी धरा, खांद्याच्या वर उचलू नका. झाडावर चढून मशीन चालवणे हे शिकलेल्या, पट्टा बांधलेल्या माणसाचेच काम आहे. उपरणे, सैल सदरा, लोंबते धोतर नको. डोक्याला बांधकामावरची टोपी आणि डोळ्यांना चष्मा हवा. पेट्रोल भरताना मशीन थंड होऊ द्या.

तार दिसली की थांबा

शेतावरून गेलेल्या ११ केव्हीच्या तारांवर कसलेही आवरण नसते. पडताना फांदी तारेला लागेल असे वाटले तरी त्या झाडाला हात लावू नका. ओल्या फांदीतून, लोखंडी शिडीतून वीज माणसापर्यंत येते. डीपीवर जाऊन स्वतः फ्यूज काढण्याचे धाडस करू नका. महावितरणच्या लाईनमनला कळवा किंवा १९१२ वर फोन लावा. लाईन बंद झाल्याचे त्याने स्वतः सांगितल्यावरच काम सुरू करा. दोन दिवस खोळंबा झाला तरी चालेल.

माणूस पडला तर

आम्ही केले ते तुम्ही करू नका. पडलेल्या माणसाला बसवू नका, पाणी पाजू नका, हातापायांना धरून उचलू नका. मान व पाठ जशी आहे तशी राहू द्या आणि १०८ ला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा. हलवण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर चार-सहा जणांनी मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून, एकाच वेळी उचलून फळीवर घ्यावे. विजेचा धक्का बसला असेल तर वीज बंद झाल्याशिवाय त्याला शिवू नका.

वीस रुपयांची गोष्ट

शेवटी पैशाचे बोलू. आपल्या राज्यात २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. उंचावरून पडणे, विजेचा धक्का यांसारख्या अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. प्रस्ताव तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. पण ही योजना सातबारा असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका माणसाला आहे. झाडावर चढणाऱ्या मामांकडे सातबारा नव्हता. त्यांचे काही बरेवाईट झाले असते, तर यातला एक रुपयाही मामींना मिळाला नसता.

भूमिहीन माणसासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वय १८ ते ७०, बँकेत खाते आणि वर्षाला वीस रुपये. अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. दोन्ही डोळे किंवा दोन अवयव कायमचे गेले तर दोन लाख, एक गेला तर एक लाख. नुसता पाय मोडला तर यातून काही मिळत नाही, हेही जाणून असा. तो खर्च काम देणाऱ्यानेच उचलायचा असतो, असे मी मानतो. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते. आपल्याकडे कामाला येणाऱ्या माणसाला मे महिन्यातच विचारा, "विमा काढला का?" नसेल तर त्याला बँकेत घेऊन जा आणि ते वीस रुपये आपण भरा.

यंदा त्याच लिंबाची दुसरी खांदी उतरवायची होती. मामांचा थोरला मुलगा काम मागायला आला. मी आधी म्हणालो, "दोर आण, मग बोलू." त्याने पिशवीतून नवा कोरा दोर काढला. म्हणाला, "बापूंनी दिलाय. दोराबिगर चढलास तर घरात येऊ नको म्हणलेत." मामाही काठी टेकत आले, लांब धुऱ्यावर बसले आणि काम संपेपर्यंत त्यांनी वरची नजर खाली आणली नाही. काम दोन तासांचे होते, चार तास लागले. मजुरी मी दुप्पट दिली, आणि तीच खरी मजुरी होती.

मृग जवळ आला आहे. यंदा धुऱ्यावर कुऱ्हाड पडण्याआधी दोर, दुसरा माणूस आणि मोकळी जागा या तीन गोष्टी मालकाने स्वतः बघाव्यात. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. ठेच माझ्या धुऱ्यावर लागून गेली आहे. शहाणपण तेवढे तुम्ही घ्या.