गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची, कंद चण्याएवढा!



रोवणी आटोपली की आमच्या बपेऱ्यात धुऱ्यावरच्या कुंपणातून कळलावी वर चढते. पानाचे टोकच कुरळे होऊन काटेरी फांदीला विळखा घालते, आणि पोळ्याच्या सुमारास हिरवट-पिवळ्या पाकळ्या लालभडक होत वर वळतात. अग्निशिखा हे तिचे जुने नाव तेव्हा पटते. दरवर्षी गावात तिच्याबद्दल दोन मते ऐकू येतात. एक, उपटून जाळा, पोरे तोंड लावतील. दुसरे, जंगलातली जडीबुटी आहे, तिने कुणाचे वाईट होत नाही. पहिल्यावर उपाय सोपा आहे, पोरांना वेल ओळखायला शिकवावा. दुसरे मत मात्र जीव घेणारे आहे, म्हणून हे पत्र.

मला पायाच्या अंगठ्यात गाऊटचा त्रास आहे. दुखणे उठले की चादरीचा स्पर्शही सोसत नाही. डॉक्टर कोल्चिसिनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी देतात. हेच कोल्चिसिन कळलावीच्या कंदात आणि बियांत असते. तामिळनाडूत शेतकरी बियांसाठी तिची मुद्दाम लागवड करतात, शिवाय ती त्यांचे राज्यफूल आहे.

गेल्या वर्षी आठवडी बाजारात मुळ्या मांडून बसलेल्या एकाने माझे लंगडणे हेरले आणि नांगरासारखा वाकडा कंद हातावर ठेवला. "चण्याएवढा तुकडा रोज दुधातून घ्या, काका. चार-सहा जुलाब होतील. भिऊ नका, आतले विष निघते."

विष निघत नाही, विष चढत असते! उलट्या-जुलाब ही या विषबाधेची पहिली खूण, आणि तीही खाल्ल्यावर काही तासांनी दिसते. कोल्चिसिन पेशींचे विभाजन थांबवते. त्यामुळे जिथे पेशी भराभर नव्या होतात त्या आतड्याला आणि अस्थिमज्जेला आधी घाव बसतो. पुढे मूत्रपिंड, हृदय. त्यातून वाचलेल्यांचे केस आठवड्या-दोन आठवड्यांनी पुंजक्यांनी गळतात. सात मिलिग्रॅमने, म्हणजे माझ्या १४ गोळ्यांइतक्या मात्रेने, माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. चण्याएवढ्या तुकड्यात किती मिलिग्रॅम, हे त्या विक्रेत्याला काय ठाऊक? दोन वेलींच्या कंदांत ते सारखेही नसते.

यात आयुर्वेदाला गोवू नये. त्याने लांगली म्हणून तिला उपविषांतच बसवले आणि शोधन, म्हणजे शुद्धीकरण, केल्याशिवाय वापरायची नाही असे बजावले. कळलावी हे नाव बाळंतपणाच्या कळांवरून आले. आमच्याकडच्या सुईणी कंद उगाळून तळपायाला लेप द्यायच्या, कळ सुरू झाली की तो लगेच धुऊन टाकायच्या, असे आजी सांगायची. निरक्षर सुईणीला जी धास्ती होती, ती आज मोबाइलवर नुस्खे धाडणाऱ्यांना नाही.

कायदाही झोपलेला नाही, पण अर्धा डोळा मिटून आहे. औषध नियमांच्या 'ई-१' या विषारी द्रव्यांच्या परिशिष्टात धोतरा, गुंज, बिब्बा, कुचला यांच्या पंगतीत लांगली आहे. त्यांपासून बनवलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' हा इशारा सक्तीचा आहे, तो इंग्रजीत आणि हिंदीत. मराठीची सक्ती नाही. आणि बाजारातल्या चटईवरच्या कंदाला तर कागदच नसतो, इशारा छापायचा कुठे?

हा इशारा महाराष्ट्रात मराठीतही हवा. 'ई-१' मधल्या मुळ्या-बिया बाजारात सुट्या विकणे बंद व्हावे. ग्रामपंचायतींनी पोळ्याआधी कळलावीच्या फुलाचे आणि कंदाचे रंगीत चित्र शाळेत व आशाताईंकडे द्यावे. एवढ्याला फार पैसा लागत नाही.

तोवर वाचकांना विनंती. घरात कुणी हा कंद खाल्ला असेल, तर जुलाब थांबण्याची वाट पाहू नका. उरलेला तुकडा सोबत घ्या आणि तडक तुमसरचे उपजिल्हा रुग्णालय गाठा.

एक धान उत्पादक शेतकरी,
बपेरा, ता. तुमसर, जि. भंडारा