खंडेनवमीला पूजा, दिवाळीला भंगारात



खंडेनवमीला आपण विळा, खुरपं, कुऱ्हाड, वखराची पास धुऊन-पुसून ओळीने मांडतो. हळद-कुंकू लावतो, झेंडूचं फूल वाहतो. पुढे वीस दिवसांत दिवाळीची साफसफाई निघते आणि गोठ्याच्या कोपऱ्यातलं जुनं लोखंड भंगारवाल्याच्या काट्यावर जातं. किलोला २५-३० रुपये. आजोबाच्या हातची पास, आजीचं खुरपं, पाभरीचे फण, सगळ्यांना एकच भाव.

गेल्या काही वर्षांपासून मी अशी टाकून दिलेली हातअवजारं गोळा करतो. आठवडे बाजारात, भंगाराच्या दुकानात, पडक्या वाड्यात, बंद पडलेल्या मोटेच्या विहिरीजवळ. लोक विचारतात, "भाऊ, म्युझियम काढता का?" तसं काही नाही. माझं म्हणणं साधं आहे. अवजाराची किंमत त्याच्या वजनात नसते. ती मापात, धारेत आणि ते कोणत्या वावरात कशासाठी चाललं या माहितीत असते. काट्यावर फक्त वजन दिसतं, म्हणून आपण दरवेळी तोट्यात जातो.

आधी मापाचं बोलू. जुनी पाभर दिसली तर टेप लावून दोन फणांतलं अंतर मोजा. कुठे १२ इंच निघेल, कुठे १८, कुठे मधलंच काहीतरी. आज रब्बी ज्वारीला दोन ओळींत ४५ सेंटिमीटरची शिफारस आहे, म्हणजे १८ इंच. मूग-उडदाला ३० सेंटिमीटर, म्हणजे १२ इंच. आपल्या सुताराने ही मापं वीत आणि बोटं धरून लाकडात बसवलेली होती. एका गावात दोन घरच्या पाभरी वेगळ्या मापाच्या निघाल्या तर त्यामागे कारण असतं. जमीन, पीक, बैलांची चाल, काहीतरी. ते म्हाताऱ्या माणसाला विचारलं तरच कळतं. आणि पाभर एकटी नसते, तिच्या ओळीत चालणारं कोळपं तिचा जोडीदार असतं. दोघांतलं एक विकलं की दुसरं पण निकामी.

हे सांगायचं कारण, माझ्या भागात आता पुष्कळ जण भाड्याच्या ट्रॅक्टरने पेरतात. पेरणी यंत्राचं अंतर बदलता येतं, पण ड्रायव्हरने सकाळी दुसऱ्याच्या वावरात जे लावलं तेच आपल्याकडे चालतं. मग कोळपं ओळीत बसत नाही, तणनाशक आणावं लागतं आणि खर्च वाढतो. स्वतःच्या घरचं माप माहीत असेल तर पेरणीआधी ड्रायव्हरला सांगता येतं, "दादा, पाने काढ, अंतर बदल." एवढ्यासाठी तरी जुनी पाभर एकदा मोजून ठेवा.

दुसरी गोष्ट धारेची. जुन्या कुऱ्हाडी-विळ्यांत बऱ्याचदा साध्या लोखंडाच्या पात्याला पोलादाची धार जोडलेली असते. गंज पाहून फेकू नका. धारेवर कानस चालवून बघा. कानस घसरली तर धार अजून कडक आहे, चावली तर मऊ पडली आहे. चिंचेच्या कोळात किंवा आंबट ताकात रात्रभर ठेवलं की गंज सुटतो. मग काथ्याने घासा, धुवा, उन्हात कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. मुठीला आणि दांड्याला जवसाचं तेल लावा. ते वाळतं आणि लाकडात मुरतं. शेंगदाण्याचं लावलं तर चिकट राहून धूळ धरतं.

धार लावायला ग्राइंडर शक्यतो नको. पातं तापून निळं पडलं की धारेचं पाणी उतरलं समजा, मग ते रोज बोथट होईल. गावात लोहार असेल तर त्याच्याकडून शेवटून घ्या. त्याला चार पैसे मिळतील आणि त्याची भट्टी चालू राहील. भट्टी एकदा विझली की पुढच्या वर्षी पास शेवटायला आपण कुठे जाणार? भट्टीत काम करणारा हात पुस्तक वाचून तयार होत नाही.

आता कुणी म्हणेल, जुनं ते सोनं म्हणत बसायचं का? नाही. जुन्यात वाईट पण पुष्कळ होतं. मोटेवर माणूस आणि बैल दोघं पिळून निघायचे, ती परत यावी असं मी कधी म्हणणार नाही. आखूड मुठीच्या खुरप्याने दिवसभर उकिडवं बसून निंदणी करणाऱ्या बायांच्या कमरेला विचारा. तिथे उभ्याने चालणारं सायकल कोळपंच चांगलं. मात्र त्याच सायकल कोळप्याला जुन्या कोळप्याची पास कापून बसवता येते आणि बाजारच्या पातळ पत्र्यापेक्षा ती जास्त टिकते. जुनं असं कामात घ्यावं.

लोखंडी नांगराचीच गोष्ट घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला, पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. सुरुवातीला लोकांनी तो घ्यायला का-कू केली. लोखंडाने जमीन बिघडते असा समज होता. आज तोच नांगर आपण जुना म्हणून भंगारात टाकतो. असा नांगर सापडला तर ओतीव भागांवरची अक्षरं आणि आकडे आधी उतरून घ्या. बिडाच्या भागावर घण मारू नका, बीड वाकत नाही, तडकतं.

जपणूक कशी करायची याची उदाहरणं आपल्या महाराष्ट्रात आहेत. पुण्यात दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या, आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय केलं आणि ते राज्य सरकारच्या हवाली केलं. आपल्या जुन्या जळगावात बहिणाबाई चौधरींच्या वाड्यात त्यांच्या वापरातल्या घरगुती आणि शेतीच्या वस्तू ठेवल्या आहेत. मुलांना घेऊन एकदा जा. ती वस्तू कुणाची, कोणत्या घरची हे माहीत आहे, म्हणून तिला अर्थ आहे.

नुसती वस्तू उचलून काही होत नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली. कोणती वस्तू मातीच्या कोणत्या थरात होती याची नोंद ठेवत उत्खनन झालं, म्हणून तिथल्या माणसाचा काळ लावता आला. आपल्या विळ्या-कोयत्याचं पण तेच आहे. हायवेच्या ढाब्यावर रंग मारून भिंतीला टांगलेली पाभर तुम्ही पाहिली असेल. कोणत्या गावची, कोणाच्या हातची, काही कळत नाही. फणांतलं अंतर मोजावं तर दोन फण गायब. ती वाचली खरी, पण शेतकऱ्याच्या उपयोगाची राहिली नाही.

म्हणून अवजार घरचं असो की भंगारातून घेतलेलं, पाच गोष्टी वहीत लिहा.

१. नाव, जसं म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून येतं तसं. कोळप्याला कोणी कोयपं म्हणतं, तेच लिहा, सुधारू नका.
२. गाव, जमीन आणि कोणत्या पिकाला वापरलं.
३. माप: लांबी, रुंदी, फणांतलं अंतर. फोटो काढताना बाजूला टेप ठेवा.
४. लाकूड कोणतं, बाभूळ, अंजन की साग. आणि तेच का निवडलं.
५. बनवलं कोणी आणि शेवटचं कधी चाललं.

भंगारवाल्याशी पण नीट वागा. त्याचं पोट त्यावर आहे. किलोच्या भावापेक्षा दहा-वीस रुपये जास्त द्या आणि माल कोणत्या गावातून आला ते विचारा. पुढच्या वेळी तो स्वतः बाजूला काढून ठेवतो. एक सावधगिरी घ्या. भुसावळ जवळ असल्याने आपल्याकडे रेल्वेचे हातोडे-पाने फिरतात. जीआयपीची अक्षरं असतील तर वस्तू जुनी, कारण १९५१ मध्ये ती रेल्वे मध्य रेल्वेत गेली. पण रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे. रेल्वेचा छाप असलेलं काही बिनपावतीचं घेऊ नका, कितीही आवडलं तरी.

कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्रातले शास्त्रज्ञ आणि शाळेचे गुरुजी, तुम्हाला एक विनंती आहे. प्रत्येक गावात एक खोली, निदान शाळेच्या व्हरांड्यातलं एक कपाट आणि एक वही असावी. फार पैसा लागत नाही. सातवी-आठवीच्या मुलांना टेप द्या आणि गल्लीतल्या आजोबांकडे पाठवा. गणितातलं मोजमाप पण होईल. त्या नोंदींतून सुधारित अवजार बनवणाऱ्यांना कळेल की इथल्या माणसाने काय बदललं होतं आणि का.

घाई मात्र करा. लाकूड वाळवीने जातं, लोखंड काट्यावर जातं, ते तरी थोडंफार परत मिळेल. पाभर धरून पेरलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीची आहेत. या आखाजीच्या आत आपल्या घरातलं एक अवजार त्यांच्यासमोर ठेवा, वही उघडा आणि त्यांना बोलू द्या.