पडून असलेले पाणी



विरारकडे जाणारी लोकल भाईंदर सोडून खाडीच्या पुलाकडे निघाली की खिडकीतून मिठागरे दिसतात. डब्यातला कोणीतरी शेजाऱ्याला हटकून म्हणतो, "बघा, केवढी जमीन पडून आहे!" दिवसभर आकडेमोड करून घरी निघालेला माणूस हे बोलतो, म्हणून नवल वाटते. कारण त्या पडून असलेल्या पाण्यात जी आकडेमोड चालू असते, ती त्याच्या मुलाच्या अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातली आहे.

पुस्तकात तिला द्रावणाची संहती म्हणतात. आगरात म्हणतात अंश. पाण्यात काचेची नळी तरंगत सोडायची. पाणी जितके खारट तितकी नळी वर उचलली जाते. अंतोन बोमे नावाच्या फ्रेंच औषधविक्याने १७६८ साली ही मोजपट्टी बसवली. गोडे पाणी शून्यावर, शंभरात पंधरा भाग मीठ असलेले पाणी पंधरावर. म्हणजे ढोबळमानाने एक अंश म्हणजे वजनाने एक टक्का.

आता हिशेब पाहा. भरतीचे १००० किलो पाणी तळ्यात घेतले. ते ३ अंशांचे धरू. त्यात मीठ ३० किलो. पाणी उडते, मीठ उडत नाही. तेव्हा ६ अंश व्हायला पाणी उरले पाहिजे ५०० किलो. १२ अंशांना २५०. २४ अंशांना १२५. मिठाचा पहिला दाणा धरतो तो साधारण २५ अंशांवर.

यातली खरी गोम इथे आहे. पहिले तीन अंश चढवायला ५०० किलो पाणी उडवावे लागले. १२ वरून २४ वर जाताना फक्त १२५. अंश चढलेले दिसतात शेवटच्या खाचरात, पण उन्हाचे काम झालेले असते पहिल्या मोठ्या तळ्यात. आणि ऊन पडते ते क्षेत्रफळावर. म्हणूनच आगराची रचना अशी की खाडीला लागून अवाढव्य तळी, मग मध्यम खाचरे, आणि सगळ्यात शेवटी मीठ धरणारे छोटे छोटे वाफे. मोलॅरिटीचे नाव न ऐकलेल्या आगरी बापजाद्यांनी हे आखले आहे. ते चुकीचे असते तर दाणा धरलाच नसता.

साहेबांना आणि बिल्डरांना पांढरे ढीग दिसतात तेवढीच जागा मिठागर वाटते. बाकीची मोकळी. रस्ता न्यायचा, डेपो बांधायचा, घरे उठवायची तर नजर जाते ती याच मोकळ्या तळ्यांवर. "तुमच्या वाफ्यांना कुठे हात लावतोय?" असे वर ऐकवायचे! पहिले तळे निम्मे केले की तेवढ्याच दिवसांत सहा अंशांचे पाणी निम्मेच मिळणार. पुढचे सगळे वाफे शाबूत असूनही मीठ निम्म्यावर येणार. भातशेतीतले निम्मे खाचर गेले तर निम्मे भात गेले हे तलाठ्याला कळते. इथे मात्र नुकसान कागदावर येतच नाही.

कागदही कसे, पाहा. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांत मीठ पिकवण्यासाठी बांधलेली ठिकाणे व्याख्येतूनच वगळली आहेत. राज्यघटनेच्या केंद्र सूचीत ५८ वी नोंद मिठाची, म्हणजे मिठावर कायदा करायचा अधिकार दिल्लीला. २०२४ साली मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनाच्या नावाने राज्याकडे द्यायचे ठरले. भाईंदरच्या लोकांनी त्यावरून काय समजायचे ते समजावे.

पावसाचा हिशेब याच गणिताचा उलटा. एक लिटर गोडे पाणी साडेतीनशे ग्रॅमहून थोडे अधिक मीठ विरघळवते. अवकाळी २० मिलिमीटर पडला तर एका गुंठ्यावर २००० लिटर पाणी आले. वाफ्यात दाणा पसरलेला असेल तर ते सात क्विंटलपर्यंत मीठ गिळू शकते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात सांताक्रूझला एका दिवसात २०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. गुणाकार ज्याचा त्याने करावा. द्राक्षाला गारपीट लागली तर पंचनामा होतो. मीठ विरघळले तर पाहायलाही काही उरत नाही, म्हणून नुकसान झालेच नाही असे मानायचे का?

घाटावरचे भाऊ म्हणतील, आम्हाला मिठाचे काय? तुमच्या पाठीवरच्या पंपातही हेच गणित आहे. बाटलीवर २० टक्के लिहिले आहे आणि फवारणी ०.०५ टक्क्याची सांगितली आहे, तर दहा लिटरला २५ मिलिलिटर. दुकानदाराने पुढच्या खेपेला तेच औषध ४० टक्क्यांचे दिले तर साडेबारा. पण आपण मोजतो झाकणाने, आणि झाकण तेच राहते. दुप्पट औषध गेले: पैसा गेला, पान करपले, आणि वारा उलटा असेल तर फवारणाऱ्याच्या छातीत गेले. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे दगावली. त्या सगळ्याला झाकण जबाबदार होते असे मी म्हणत नाही. पण माप हातात नसलेला माणूस दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत राहतो, हे खरे.

तेव्हा मागणी अशी. मिठागराच्या जमिनीचा नकाशा कोणत्याही कामासाठी काढला जाईल तेव्हा प्रत्येक तळ्यावर त्याचे क्षेत्र आणि त्यातल्या पाण्याचे अंश लिहिले जावेत, जानेवारी ते मे दर महिन्याला. सरकार लिहील याची वाट पाहू नये. नळी आगरात आहे, वही चार आण्यांची नसली तरी परवडते, आणि गणित घरातल्या अकरावीच्या पोराला येते. पोराला एका रविवारी बांधावर घेऊन जा आणि पहिल्या तळ्यापासून मोजायला लावा.