ऊन नसतानाही सोलरची बॅटरी चार्ज का होते? नवी बॅटरी घेण्याआधी या गोष्टी तपासा

रात्रीचे ११ वाजलेत. छतावरची पॅनेल अंधारात आहेत, लाईटही गेलेली नाही. तरी मोबाईलमधल्या अ‍ॅपवर बॅटरी चार्ज होताना दिसते. थोड्या वेळाने तीच बॅटरी रिकामी व्हायला लागते. सकाळी बघावं तर बॅटरी निम्म्याहून खाली आणि मीटरवर रात्रीचे युनिट मात्र वाढलेले.

सोलरसोबत बॅटरी बसवलेल्या अनेक घरांमध्ये हा प्रकार कधी ना कधी दिसतो. "बॅटरी गेली, बदलावी लागेल" हे वाक्यही लगेच ऐकू येतं. पण कधी भरायचं आणि कधी रिकामं व्हायचं, हे बॅटरी स्वतः ठरवत नाही. ते इन्व्हर्टर ठरवतो आणि त्यासाठी तो सेटिंग, आतलं घड्याळ आणि सेन्सर या तीन गोष्टींवर विसंबतो. यातली एक जरी चुकली, तरी चांगली बॅटरी विचित्र वागायला लागते.

हा प्रश्न आत्ता का महत्त्वाचा आहे?

१३ फेब्रुवारी २०२४ ला 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' सुरू झाली. १ कोटी घरांवर सोलर बसवायचं उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

पण सोलर बसवल्यावर अनेकांना एक धक्का बसतो. लाईट गेली की साधं ऑन-ग्रिड सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. यात बिघाड काही नाही. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या घरातून आलेल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून ही सोय मुद्दाम केलेली असते. लाईट गेल्यावरही घर चालू ठेवायचं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते.

अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मोजलं जातं, बॅटरीसाठी वेगळं अनुदान नाही. म्हणजे बॅटरीचा खर्च पूर्णपणे घरमालकाच्या खिशातून जातो. ती वेळेआधी संपली तर नुकसानही त्याचंच.

सायकल म्हणजे नेमकं काय?

बॅटरी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा पूर्ण भरली की एक सायकल झाली. दोनदा निम्मी रिकामी होऊन भरली, तरी साधारण एकच सायकल धरतात. प्रत्येक बॅटरीला अशा ठरावीक सायकल मिळतात.

समजा, ट्यूब्युलर लेड-अ‍ॅसिड बॅटरीला १,५०० सायकल मिळणार आहेत. रोज एक सायकल झाली तर ती साधारण ४ वर्षं चालेल. रोज दोन झाल्या तर २ वर्षांतच आटोपेल. लिथियममधल्या एलएफपी बॅटरीला ६,००० सायकल धरल्या, तर हाच हिशोब १६ वर्षांवरून ८ वर"्षांवर येतो. वयामुळे होणारी झीज वेगळीच.

शिवाय प्रत्येक फेरीत थोडी वीज उष्णतेत जाते. बॅटरीत रोज ५ युनिट भरून काढले आणि १० टक्के वाया गेले, तर महिन्याला १५ युनिट नुसते हवेत जातात.

आधी हे ओळखा : कोणती हालचाल साधी आहे?

बॅटरी १०० वरून ९७ टक्क्यांवर आली आणि पुन्हा १०० झाली, तर काळजीचं कारण नाही. भरलेली बॅटरी अशी थोडी खालीवर होतच असते.

फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की बॅटरीतून काही मिनिटं वीज जाते, हेही नेहमीचंच. गिझर बंद केल्यावर काही सेकंद बॅटरीची वीज ग्रिडकडे गेलेली दिसते, कारण इन्व्हर्टरला लोड कमी झाल्याचं कळायला क्षणभर लागतो.

इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो. तो ५० वॅट घेत असेल तर २४ तासांत १.२ युनिट होतात. घरातलं सगळं बंद असूनही रात्रभरात बॅटरी थोडी उतरते, ती यामुळे.

काळजी करायची ती तीन लक्षणं दिसली तर : ऊन नसताना बॅटरी बराच वेळ चार्ज होणं, लाईट असताना बॅटरीची वीज सतत बाहेर जाणं आणि दिवसातून अनेकदा मोठे चढउतार होणं.

मग गडबड कुठे असते?

१. ग्रिडवरून चार्जिंग चालू राहिलेलं असतं. हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये बॅटरी कुठल्या वेळी भरायची आणि कुठल्या वेळी वापरायची, याचं वेळापत्रक भरता येतं. हे इन्व्हर्टर जगभर विकले जातात. ब्रिटनसारख्या देशात काही वीजदर योजनांमध्ये रात्रीची वीज स्वस्त असते, त्यामुळे तिथे रात्री बॅटरी भरून ठेवणं परवडतं. महाराष्ट्रात गणित उलटं आहे. १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सवलत मिळते ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर. रात्री ग्रिडवरून बॅटरी भरण्यात इथे फायदा नाही. त्यामुळे हे सेटिंग कुणी मुद्दाम ठेवलंय की तसंच राहून गेलंय, हे आधी बघावं.

२. इन्व्हर्टरचं घड्याळ चुकलेलं असतं. बरेच इन्व्हर्टर चीनमध्ये तयार होतात. चीनची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. घड्याळ त्याच वेळेवर राहिलं, तर सकाळी ९ ला सुरू व्हायचं काम पहाटे साडेसहालाच सुरू होतं. वेळापत्रक बरोबर, पण सगळं अडीच तास आधी. अ‍ॅपवरची वेळ मोबाईलवरून आलेली असू शकते, म्हणून वेळ इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरच पाहावी.

३. सीटी उलटा बसलेला असतो. सीटी म्हणजे मेन वायरभोवती लावलेली छोटी कडी. वीज ग्रिडमधून घरात येतेय की घरातून ग्रिडकडे जातेय, हे इन्व्हर्टरला तिच्यावरून कळतं. ती उलटी बसली की इन्व्हर्टरला सगळंच उलटं दिसतं. रात्री घरात वीज येत असते, पण त्याला वाटतं की जास्तीची वीज बाहेर चाललीय. मग तो ती बॅटरीत भरायला लागतो. दिवसा खरोखर जास्तीची वीज बाहेर जाते, तेव्हा त्याला वाटतं की घराला वीज कमी पडतेय आणि तो बॅटरी रिकामी करतो. थ्री-फेज घरात सीटी चुकीच्या फेजवर लागला, तरी असाच गोंधळ होतो.

४. दोन मर्यादांमध्ये अंतर कमी असतं. 'आधी सोलर, मग बॅटरी, शेवटी ग्रिड' या एसबीयू मोडमध्ये दोन आकडे भरावे लागतात : बॅटरी किती उतरली की ग्रिडवर जायचं आणि किती भरली की पुन्हा बॅटरीवर यायचं. लोड असताना बॅटरीचं व्होल्टेज दबतं, लोड निघाला की ते पुन्हा वर येतं. समजा, ४८ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड यंत्रणेत हे आकडे ४८ आणि ५० ठेवले. बॅटरी ४८ ला आली की घर ग्रिडवर जातं. लोड निघाल्यामुळे आणि थोडं ऊन मिळाल्यामुळे व्होल्टेज लगेच ५० होतं आणि घर पुन्हा बॅटरीवर येतं. मग पुन्हा ४८. पावसाळ्यात ढगाळ दिवसांत हा खेळ जास्त चालतो. अशा वेळी ४६ आणि ५४ असं मोठं अंतर ठेवलं तर बॅटरी आधी नीट भरते, मगच वापरात येते.

५. बॅटरीचे टक्के खोटे असतात. एलएफपी बॅटरीचं व्होल्टेज साधारण २० ते ८० टक्क्यांदरम्यान फारसं बदलत नाही. म्हणून व्होल्टेज पाहून ती किती भरलीय हे नीट सांगता येत नाही. त्यासाठी बॅटरीतली बीएमएस ही नियंत्रण यंत्रणा आणि इन्व्हर्टर यांच्यात डेटा केबल लागते. ती सैल असेल किंवा सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार लेड-अ‍ॅसिड राहिला असेल, तर ६० टक्क्यांवरून एकदम १५ अशा उड्या दिसतात. आणि टक्के फारच कमी दिसले की बॅटरी वाचवण्यासाठी इन्व्हर्टर ती ग्रिडवरून भरायला लागतो.

६. जुना इन्व्हर्टर तसाच जोडलेला असतो. हे खास आपल्याकडचं कारण. लोडशेडिंगच्या काळात घेतलेला इन्व्हर्टर बऱ्याच घरांत अजून आहे. नवा हायब्रिड बसवताना तो त्याच्याच आउटपुटवर राहिला, तर रात्री नवी बॅटरी जुन्या बॅटरीला चार्ज करत बसते. घरात लोड नाही आणि तरी बॅटरी उतरते, असं असेल तर हे आधी पाहावं.

घरच्या घरी कसं शोधायचं?

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलण्याआधी जुन्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा. चार सेटिंग एकदम बदलली, तर नेमकं कारण कधीच कळत नाही.

पहिल्या दिवशी काहीही न बदलता अ‍ॅपमधला २४ तासांचा आलेख बघा. बॅटरी रोज ठरलेल्या मिनिटाला चार्ज व्हायला लागत असेल, तर वेळापत्रक किंवा घड्याळ तपासा. वेळ रोज बदलत असेल आणि लोडनुसार खालीवर होत असेल, तर मर्यादा किंवा सीटीकडे बघा. टक्क्यांमध्ये उड्या असतील तर डेटा केबल आणि बॅटरीचा प्रकार.

सीटीची चाचणी सोपी आहे. रात्री २ किलोवॅटचा गिझर पाच मिनिटं लावा. बॅटरी ती वीज देत नसेल, तर अ‍ॅपवर ग्रिडमधून येणारी वीज साधारण २ किलोवॅटने वाढायला हवी. त्याऐवजी ग्रिडकडे जाणारी वीज वाढलेली दिसली, तर सीटी उलटा आहे.

एवढं घरी करता येतं. पण सीटी फिरवणं, वायरी आवळणं, बॅटरी उघडणं हे तंत्रज्ञाचं काम. उजेड असेपर्यंत पॅनेलच्या वायरींमध्ये करंट असतो, मेन स्विच बंद केला तरी. बॅटरी फुगली, खूप तापली किंवा वास यायला लागला, तर चाचण्यांच्या नादी न लागता यंत्रणा बंद करून तंत्रज्ञाला बोलवावं.

बॅटरी रोज वापरायची गरज आहे का?

नेट मीटरिंग असलेल्या घरात दिवसा ग्रिडला दिलेले युनिट बिलात वापरलेल्या युनिटमधून वजा होतात. उरले तर पुढच्या महिन्यात जातात. म्हणजे साठवणुकीचं काम ग्रिडच करतो, तेही बॅटरी न झिजवता. अशा घरात रोज रात्री बॅटरी रिकामी केल्याने बिल कमी होत नाही. उलट चार्जिंगमध्ये वाया जाणारे युनिट वाढतात. इथे बॅटरी भरलेली राखून ठेवावी आणि लाईट गेल्यावरच वापरावी.

लाईट वारंवार जाते किंवा नेट मीटर नाही, अशा घराचं गणित वेगळं. तिथे रोजची सायकल पैसे वाचवते. म्हणून शेजाऱ्याच्या घरचं सेटिंग आपल्याकडे चालेलच असं नाही.

अनेक घरांत हा निर्णय घरमालक घेतच नाही. यंत्रणा बसवणारा एक मोड निवडून जातो आणि तोच वर्षानुवर्षं चालतो. सूर्यघर योजनेत सोलर बसवणाऱ्या विक्रेत्यावर ५ वर्षं देखभालीची जबाबदारी असते. त्यामुळे काम झाल्यावर चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : इन्व्हर्टरचा निवडलेला मोड, भरलेल्या सगळ्या मर्यादा, अ‍ॅपचा मालक म्हणून लॉगिन आणि बॅटरीची वॉरंटी वर्षांत आहे, सायकलमध्ये आहे की एकूण युनिटमध्ये. शेवटची गोष्ट जास्त महत्त्वाची. वॉरंटीला सायकलची मर्यादा असेल, तर चुकीच्या सेटिंगमुळे वाया गेलेली प्रत्येक सायकलही त्यात मोजली जाते.